तमार छापून आली

१

सोमवार होता, म्हणजे धुण्याचा दिवस. कूपर्स रो या गिरणीवस्तीतल्या बारा घरांच्या मागल्या अंगणांत बारा पिंपं वाफाळत होती आणि बारा बायकांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. केझाया एन्टविसल दांड्याने चादर घुसळत होती. तिच्या घरात आता धुण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पोर गिरणीत जायची तोवर तिचे कपडे असायचे. पिंजणखात्यातल्या कापसाच्या धुळीने ते इतके माखलेले असत, की दोनदा पाणी बदलावं लागे. आता एका पाण्यात सगळं उरकायचं. तरी दुसरं पाणी तिने तापत ठेवलं होतंच.

बुटक्या भिंतीपलीकडून शेजारीण मर्सी ऑग्डेनने हाक मारली.

"केझी, हात पूस."

"का? राणी आलीय?"

"पूस म्हणते ना. तुझी तमार छापून आलीय."

केझायाने हात पुसले नाहीत. मर्सीच्या हातात बदामी कागदात शिवलेली सोमवारची चोपडी होती.

या चोपड्या अख्ख्या रोच्या ओळखीच्या होत्या. दर सोमवारी धर्ममंडळाच्या मिस थॉर्प यायच्या, प्रत्येक घरी एक ठेवायच्या आणि मागच्या आठवड्याची परत न्यायच्या. एका घरातली चोपडी पुढच्या सोमवारी शेजारच्या घरात जाई. अशी ती बारा आठवड्यांत बारा घरं फिरे. सोमवारच का, असं विचारायची सोय नव्हती. ज्यांचं धुणं दुसरं कुणी धुतं, त्यांना सोमवार मोकळाच असतो. बहुतेक घरांत ती चोपडी आठवडाभर घड्याळामागे पडून राहायची. परत द्यायच्या आधी कुणीतरी तिच्या कोपऱ्यांवर अंगठा घासून ठेवायचं, म्हणजे वाचल्यासारखी दिसे. मर्सी तर मधल्या पानात ओटच्या भाकरीचा चुरा टाकायची. "जेवतानासुद्धा खाली ठेववली नाही, असं वाटतं त्यांना," म्हणायची.

ही मात्र मर्सीने खरोखर वाचली होती. वरती नाव होतं, 'गिरणींतील एका कन्येचा धन्य अंत'. आत त्या मुलीला 'त—' म्हटलं होतं, पुढे नुसती रेघ.

केझायाने ती ओल्या हातांनीच घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. वरच्या मजल्यावर ओल असल्यामुळे पलंग खाली, चुलीच्या भिंतीला लावलेला. कडेला टवका उडालेला निळा कप. सतरा वर्षांची त—, अठरा महिने खोकणारी. आणि मग ते वाक्य, तिरप्या ठशात: 'मातोश्री, मजसाठी आपण शोक करूं नये. तिकडे पुष्कळ प्रकाश आहे. मी संतोषाने जातें.'

"किती छान बोलली नाही?" मर्सी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"कोण बोललं?" केझाया म्हणाली. "माझी पोर मला मातोश्री म्हणेल? उभ्या जन्मात ती मला 'आपण' म्हणाली नाही."

२

केझायाला वाचता येत होतं. लहानपणी ती रविवारच्या शाळेत शिकली होती. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस गिरणीत जायचे. त्या शाळेत फक्त वाचायला शिकवत. लिहिणं म्हणजे काम आणि रविवारी काम करणं पाप, असं तिथल्या मंडळींचं म्हणणं होतं. त्यामुळे छापलेलं काहीही ती घडाघडा वाचायची आणि सहीच्या जागी फुली मारायची. वस्तीतल्या निम्म्या बायका तशाच. आपल्याला नुसतं घ्यायला शिकवलं, द्यायला शिकवलंच नाही, हे तिच्या मनात पूर्वीही कधीकधी येऊन गेलं होतं. त्या सोमवारपासून ते जाईना.

तमार गेली ती सहा आठवड्यांपूर्वी, एका गुरुवारी दुपारी. केझाया तिला शनिवारचा अंक वाचून दाखवत होती. गावातली सगळी तरुण पोरं वाचायची तसलाच तो अंक, आठ पानं, वर घोड्यावरच्या दरोडेखोराचं चित्र, आणि पानं भरली की गोष्ट जिथे असेल तिथे संपायची, मग वाक्य अर्धं का असेना. त्या आठवड्याचा अंक असा संपला: 'कप्तानाने कडीवर हात ठेवला आणि'.

"आणि?" तमार म्हणाली.

"संपलं."

तमार कोपरावर उठून बसली. दोन दिवस तिला मानसुद्धा उचलता आली नव्हती. "चोर मेले!" ती म्हणाली. "अर्ध्या वाक्यात तोडतात! शनिवारचा अंक आण गं आई. मी कुठं जात नाही."

केझाया हसली. तमारही हसली, मग खोकली, आणि खोकता खोकताच संपली. घरात तिसरं कुणी नव्हतं. नंतर बराच वेळाने केझायाने बोट जिभेला लावून पोरीच्या कानामागची काजळी पुसली आणि मगच दार उघडलं.

त्या शनिवारी तिने अंक आणला. त्यानंतरच्याही प्रत्येक शनिवारी आणला आणि रिकाम्या पलंगाशी बसून मोठ्याने वाचला. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. मातीच्या दुसऱ्या दिवशी मिस थॉर्प आल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं होतं, "शेवटी काही म्हणाली का हो ती?" दरोडेखोर, चोर, मेले, हे सगळं त्या बाईंच्या काळ्या हातमोज्यांपुढे कसं मांडणार? अशा वेळी वस्तीतल्या बायका जे म्हणतात तेच केझाया म्हणाली. "शांतपणे गेली, बाईसाहेब."

मिस थॉर्पनी मान डोलावली होती. त्यांना एवढंच हवं होतं.

३

चोपडी पुन्हा वाचताना ती दुसऱ्या पानावर अडकली.

'तदनंतर मातेने आपलें बोट ओलें करून कन्येच्या कर्णामागील काजळी पुसली.'

पिंपातलं पाणी गार होत होतं. रस्त्यावर मिस थॉर्पच्या छत्रीची टकटक ऐकू येत होती, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत. केझाया दारात जाऊन उभी राहिली. एप्रन ओला, हातात चोपडी.

मिस थॉर्प वाईट बाई नव्हत्या. त्यांना बारा महिने सर्दी असे आणि तरी त्या पावसापाण्यात हिंडत.

"मिसेस एन्टविसल, आपण रागावलेल्या दिसता."

"बाईसाहेब, माझ्या पोरीच्या तोंडी हे कुणी घातलं?"

त्यांनी चोपडी घेतली, लांब धरून पाहिली, मग जवळ धरून पाहिली. "ही तुमच्या मुलीची नाही हो."

"त्यात पलंग आहे. कप आहे."

"पलंग आणि कप प्रत्येक घरात असतो."

"कान कोण पुसतं प्रत्येक घरात?"

"आया पुसतात," मिस थॉर्प म्हणाल्या, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक ठशात छापखान्याचं नाव होतं आणि साल. अठराशे सत्तेचाळीस. "अकरा वर्षं झाली हिला छापून. लंडनहून गठ्ठे येतात आमच्याकडे. तुमची तमार तेव्हा सहा वर्षांची असेल."

केझायाने ते साल तीनदा वाचलं. आकडे तिला येत होते. तिचा राग अडखळला, पण विझला नाही, त्याला फक्त उभं राहायला जागा मिळेना. खरंच होतं. गरिबाघरच्या खोल्या सारख्याच असतात आणि पोरी एकाच धुळीने मरतात. कुठल्यातरी दुसऱ्या गावात दुसरी कुणी आई असेल.

"म्हणजे सगळ्याच पोरी हेच बोलून मेल्या?" तिने विचारलं. "एकही शिवी देऊन गेली नाही? एकीलाही मरायचं नव्हतं असं झालं नाही?"

"तुम्हीच तर मला सांगितलंत, ती शांतपणे गेली म्हणून."

केझायाने आत जाऊन घड्याळामागची चोपडी आणून दिली.

मिस थॉर्पनी तिची मागच्या आठवड्याची चोपडी पिशवीत टाकली आणि हातातली तिच्यापुढे धरली. "मिसेस ऑग्डेनची आता तुमच्याकडे. क्रमच तसा आहे. आठवडाभर ठेवा. वाचून शांत वाटेल."

४

मंगळवारी इस्त्रीला लोखंड तापत ठेवून ती मर्सीकडे गेली. मर्सीचा धाकटा, जोब, वसंतात घटसर्पाने गेला होता, पाच वर्षांचा. त्या रात्री केझाया त्याच खोलीत होती. दुधाचं भांडं तिनेच धरलं होतं.

"मर्सी, तुझ्या जोबवर पण चोपडी आली होती का गं?"

"मे महिन्यात आली होती की. तुला सांगितलं नाही होय? 'एका लहानग्याची प्रार्थना'. मी पाठच केली."

"त्यात तो काय म्हणतो?"

मर्सीने चादरीची घडी छातीशी धरली आणि बोलायला लागली. तिचा नेहमीचा आवाज गेला. शब्द स्वच्छ, मोजून मापून यायला लागले. "'माझे लहान हात जोडा, मातोश्री, कारण मला ते उचलवत नाहीत.'"

"मर्सी, तो असं म्हणाला नाही. मी होते ना तिथं. तो टिंकरला हाका मारत होता. 'टिंकरला वर घ्या, टिंकरला वर घ्या.' तू कुत्र्याला उचलून पलंगावर ठेवलंस आणि डॉक्टर ओरडला तुझ्यावर."

"कोण टिंकर?"

"तुमचा कुत्रा!"

"आमच्याकडे कधी कुत्रा नव्हता, केझी." मर्सी हे अगदी मायेने म्हणाली. आजारी माणसाशी बोलतात तसं. "तुला झोप लागत नाही का गं हल्ली?"

मर्सीच्या पाठीमागे दाराजवळच्या खिळ्याला कुत्र्याची दोरी लटकत होती. तिच्या टोकाच्या वादीवर अजून भुरे केस होते. मर्सीने तिला घडी घातलेली चादर देताना तो खिळा अंगाने झाकला गेला. बाजूला झाली तेव्हा दोरी होतीच तिथे. मर्सीची नजर मात्र त्या दोरीवरून अशी गेली, जशी कोऱ्या भिंतीवरून जाते.

केझाया घरी आली. एका पाच वर्षांच्या पोराचा कुत्रा पळवला होता कुणीतरी. कप नाही, पलंग नाही, त्याच्या आईच्या डोक्यातला कुत्रा. अशी चोरी कुठल्या चौकीत नोंदवायची?

५

एनॉक तिचा दीर, पलीकडच्या गल्लीत राहायचा. पूर्वी हातमाग चालवायचा, आता माग बंद आणि डोळे अधू. शनिवारी गिरण्या दुपारी दोनला सुटल्या की वाचनखोलीत तो वाचता न येणाऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. त्याला लिहिता यायचं. आणि चोपड्यांचा त्याला इतका तिटकारा, की मिस थॉर्प त्याचं दार गाळूनच पुढे जात.

त्या शनिवारी केझायाने बोलावलं म्हणून वाचनखोलीत जाण्याआधी तो शाई आणि टाक घेऊन आला. बाहेर लख्ख दुपार होती. टेबलावर खिडकीचा उजेड पडला होता.

"बोल," तो म्हणाला. "तमार काय म्हणाली ते शब्दाला शब्द. मी लिहितो. तुझी फुली, खाली माझी सही. मग कुणाच्या बापाला बदलता येणार नाही."

"तिच्याच बोलीत लिहा. सजवू नका."

"मी कशाला सजवू? मी काय धर्मोपदेशक आहे?"

केझायाने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ते वाक्य उच्चारलं. सगळं. चोर, मेले, अर्ध्यात तोडतात, शनिवारचा अंक, मी कुठं जात नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच ते तिच्या तोंडून बाहेर पडलं, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं तिला वाटलं. एनॉकचा टाक कुरकुरत गेला. त्याने शाई टिपली.

"वाचा," ती म्हणाली.

एनॉकने कागद खिडकीशी धरला. "'मातोश्री, मजसाठी आपण शोक करूं नये...'"

"भावोजी, ही थट्टेची वेळ नाही."

"कसली थट्टा?"

"मी हे बोलले का?"

एनॉकने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "केझी, तू हेच बोललीस. मलाही चमत्कारिक वाटलं. म्हटलं, ही आज चर्चमध्ये उभी राहिल्यासारखी का बोलतेय? पण तू म्हणालीस शब्दाला शब्द, म्हणून मी लिहिलं."

तिने कागद ओढून घेतला. हाताने लिहिलेलं वाचायला तिला वेळ लागे. एकेक अक्षर बोटाने गाठत गेली. मातोश्री. प्रकाश. संतोषाने. चोपडी घड्याळामागे होती आणि एनॉकने ती उघडलेलीसुद्धा नव्हती.

"पुन्हा," ती म्हणाली. या वेळी ती एकेक शब्द दातांनी चावून बोलली. 'चोर' म्हणताना जीभ टाळ्याला लागल्याचं तिला कळलं. 'मेले' म्हणताना ओठ मिटल्याचं कळलं. तिने स्वतःला बोलताना ऐकलं, आणि तमारचीच वाक्यं ऐकली.

एनॉकचा टाक निम्म्यात थांबला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तेच येतंय," तो म्हणाला. "ऐक, तू दमलीयस. मी चोपडीवाल्यांचा मित्र नाही, तुला ठाऊक आहे. मी लिहिलं असतं. शिव्या असत्या तर आनंदाने लिहिल्या असत्या. पण तुझ्या तोंडून जे निघतंय तेच मी लिहिणार ना?"

"तुमच्या कानात बिघाड आहे."

"माझे डोळे गेलेत. कान शाबूत आहेत."

तो शाईची बाटली तशीच टाकून गेला. दारातून वळून न पाहता म्हणाला, "पोर चांगली होती. कशीही गेली असो." एवढं बोलून तो लगबगीने रस्त्याला लागला. त्याला त्या खोलीत थांबायचं नव्हतं, हे उघड होतं.

६

दोन्ही कागद तिने चुलीत घातले. चोपडीही घातली असती, पण ती द्यावी लागणार होती आणि न दिल्याचं कारण सांगावं लागलं असतं. मग तिला स्वतःचीच चीड आली. पोरीचं बोलणं कुणीतरी लुबाडून नेतंय आणि आपण अजून बाईसाहेबांना काय सांगायचं याचा विचार करतोय. पहिल्यांदाही असंच झालं होतं. 'शांतपणे गेली' हे एक गुळगुळीत वाक्य तिने स्वतःच दारात ठेवलं होतं, आणि बाकीची सगळी त्याच्यामागून आत आली होती.

चार वाजले होते. रस्त्यात पोरी मोठ्याने हसत चालल्या होत्या, त्यांच्या लाकडी तळाच्या बुटांचा खडखडाट भिंतींवर आपटत होता. शनिवारचा अंक टोपलीत पडला होता, बटाट्यांवर. तिने तो घेतला, खुर्ची पलंगाकडे पाठ करून खिडकीशी ओढली, कारण उजेड तिथेच होता, आणि वाचायला लागली. रागाने, नेहमीपेक्षा मोठ्याने. कप्तान तुरुंगाच्या छपरावर होता. खाली शिपाई होते. ती पान उलटायला थांबली.

"मातोश्री," मागून कुणीतरी म्हणालं, "हें वाचन आपण आतां पुरें करावें."

आवाज तमारचा होता.

त्यात खोकला नव्हता. त्यात गाव नव्हतं, गिरणी नव्हती, हसू नव्हतं. घशाची ती घोगरी कड घासून काढली होती. पण आवाज तिचाच होता, आणि केझायाच्या मानेवरची कातडी तिच्या आधी ओळखून शहारली.

ती वळली नाही. खिडकीच्या काचेत तिच्या खांद्यामागचं थोडंसं दिसत होतं. उशीचा कोपरा. उशीवर मधोमध भांग पाडून चोपून विंचरलेले केस. दोन हात, एकावर एक ठेवलेले. तमारचे केस कधी कंगव्याला झेपले नव्हते. आणि ती झोपायची ती एक हात पलंगाखाली सोडून, जन्मल्यापासून.

"अशा पुस्तकांनी मजला क्लेश होतात," ते म्हणालं.

भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी चढून आलं. हे माझ्या घरात, माझ्या पोरीच्या पलंगावर, तिचा गळा घेऊन बसलंय. आणि तिची खरी तक्रार काय होती, तर गोष्ट पुरी होत नाही ही. आणि हे मला वाचू नका म्हणतंय. केझायाने अंक मुठीत धरला. आत्ता, या घटकेला, वळून ते वाक्य याच्या तोंडावर फेकायचं. ओरडून. अख्ख्या रोला ऐकू जाईल असं. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि तिला मर्सी आठवली. चादर छातीशी धरून, स्वच्छ आवाजात बोलणारी, मायेने हसणारी मर्सी. मर्सीनेही कधीतरी असंच तोंड उघडलं असेल, जोबचं काहीतरी सांगायला. एकदा सांगितलं असेल. मग दोनदा. कितव्या वेळेला कुत्रा गेला असेल, ते मर्सीला स्वतःलाही कळलं नसणार.

केझाया एनॉकपुढे दोनदा बोलून बसली होती.

तिने तोंड मिटलं. अंक पुन्हा उघडला आणि मनातल्या मनात वाचू लागली, बोट ओळीखाली फिरवत, पान संपेपर्यंत. पाठीमागे कुणीतरी सहनशीलपणे श्वास घेत होतं. आठव्या पानाच्या तळाशी गोष्ट पुन्हा मध्येच तुटली. उजेड सरकून भिंतीवर गेला, तेव्हा तिला जाणवलं की श्वास आपल्या एकटीचाच आहे. वळून पाहिलं. पांघरूण सपाट होतं. कुणी गिरणी मॅनेजरच्या घरचा पलंग लावावा, इतकं सपाट.

सोमवारी मिस थॉर्प आल्या. चोपडी पिशवीत घालताना म्हणाल्या, "वाचलीत ना? शांत वाटलं?"

केझायाने उत्तर दिलं नाही. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पिंपाकडे वळून ती दुसरं पाणी ओतू लागली. बाईंनी नाक पुसलं, आणि चोपडी घेऊन शेजारच्या दाराशी गेल्या.

लोक विचारत राहिले. एनॉकने विचारलं, नव्या धर्मगुरूंनी विचारलं, पुढे कितीतरी वर्षांनी मर्सीच्या सुनेने विचारलं. तमार शेवटी काय म्हणाली, हे केझायाने त्यानंतर कुणालाही सांगितलं नाही. एकटी असतानाही तिने ते वाक्य पुन्हा कधी उच्चारून पाहिलं नाही.